एका कार्डात मावणारं वाचनालय



गटाच्या बैठकीत "फोनवर काय काय करता?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. बोलणं, व्हॉट्सअॅप, स्वयंपाकाचे व्हिडिओ, भाचीच्या लग्नाचे फोटो आणि आता बँकेचे मेसेज. "मी पुस्तक वाचते" असं एखादीच म्हणते. यात कुणाचा आळस नाही. गावातलं वाचनालय उघडतं तेव्हा आपण रानात असतो आणि आपलं आवरतं तेव्हा त्याला कुलूप लागलेलं असतं. फोनवर मराठी पुस्तकं मिळतात, फुकट मिळतात आणि अगदी कायद्याने मिळतात, हे कुणी बसून समजावून सांगितलेलं नाही.

मी हे लिहिते आहे पुण्यातल्या बिबवेवाडीतून. आपल्या गावांचं आणि या भागाचं जाणं-येणं रोजचं. शेजारी मार्केट यार्ड, तिथे गावचा भाजीपाला येतो. अप्पर इंदिरानगरच्या चाळींत घरोघरी कुणाचं ना कुणाचं गाव निघतं, भोरकडचं, वेल्ह्याकडचं, पुरंदरकडचं, मराठवाड्यातलंही. इथे नेट धावतं. गावात डोंगराच्या आड गेलं की एक रेघ दिसते आणि तीही पळते. त्यामुळे ज्यांच्याकडे नेट आहे त्यांना वाटतं सगळ्यांकडे आहे, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना वाटतं हे आपलं काम नव्हे. खरं तर पुस्तक वाचायला नेट लागतच नाही. ते फोनमध्ये उतरवायला एकदाच लागतं. नंतर ते कार्डावर घालून एसटीने गावी पाठवलं तरी चालतं. मात्र असं वाटायला ते पुस्तक "खुलं" असावं लागतं. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

पुस्तकावर लिहिणाऱ्याचा हक्क असतो, त्याला कॉपीराइट म्हणतात. आपल्या देशात हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यामागे ६० वर्षं चालतो. ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं सगळ्यांची झाली. 'श्यामची आई' कुणीही छापावी, कुणीही वाटावी. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, त्यांची 'स्मृतिचित्रे' केव्हाच खुली झाली. बहिणाबाईंचं थोडं वेगळं आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या घरच्यांनी ऐकून लिहून ठेवल्या. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. अशा वेळी मुदत पुस्तक निघाल्यापासून धरतात. आणि बिबवेवाडीच्या शेजारी पद्मावतीला ज्यांच्या नावाचं सभागृह आहे ते अण्णाभाऊ साठे? ते १८ जुलै १९६९ ला गेले. म्हणजे त्यांच्या 'फकिरा'ची मुदत २०२९ च्या शेवटच्या दिवशी संपेल, १ जानेवारी २०३० ला ती खुली होईल. तोवर विकत घ्यावी किंवा वाचनालयातून आणावी. घेण्यासारखीच आहे.

यात एक बारकावा ध्यानात ठेवा. जुन्या पुस्तकाला आज कुणी नवी प्रस्तावना लिहिली, टिपा दिल्या किंवा त्याचा अनुवाद केला, तर त्या नव्या भागावर त्या माणसाचा हक्क असतो.

खुलं होण्याची दुसरी वाट म्हणजे लेखकाने किंवा त्याच्या वारसांनी आपणहून परवानगी देणं. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचा परवाना आहे, तो जगभर चालतो. पुस्तकावर तो छापलेला असला तर नाव देऊन ते वाटता येतं. पण परवान्याचे प्रकार आहेत. काहींत विकायला किंवा बदलायला बंदी असते, म्हणून ती ओळ वाचायची. शेतकरी संघटनेचे शरद जोशी २०१५ साली गेले, म्हणजे साध्या हिशोबाने त्यांची पुस्तकं २०७६ पर्यंत बंद राहिली असती. पण अशी परवानगी मिळाल्याने त्यांची बरीच पुस्तकं आज मराठी विकिस्रोतावर आहेत. त्यातलं 'चांदवडची शिदोरी' आपल्या गटांनी जरूर पाहावं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन भरलं होतं, त्याच्याशी ते जोडलेलं आहे. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्ती चालवली आणि नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी असं गावागावात सांगितलं. सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, हा प्रश्न आजही बैठकीत कुणी काढला की शांतता पसरते. चाळीस वर्षांपूर्वी बायका यावर कशा बोलल्या हे आज फुकटात वाचता येतं, हे मला मोठं वाटतं.

आता फुकट आणि खुलं यांतला फरक. ठाण्याचं ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी ई-पुस्तकं विनामूल्य देतं. वाचून झाल्यावर मैत्रिणीला पाठवायला त्यांची हरकत नसते, पण छापणं किंवा दुसरा कुठला उपयोग करायचा तर लेखी परवानगी मागतात. म्हणजे हे पुस्तक फुकट आहे, पण छापून जत्रेत विकायला मोकळं नाही. पुस्तकाच्या पहिल्या दोन पानांवर हे लिहिलेलं असतं. आपण ती पानं सरकवून पुढे जातो, तसं करू नका.

आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या, आजच्या लेखकांच्या कादंबऱ्या? त्या बहुतेक चोरीच्या असतात. आपण उन्हात बसून शंभर पापड लाटले, वाळत घातले आणि कुणी ते उचलून गावभर वाटून टाकले तर आपल्याला काय वाटेल? लेखकालाही तेच वाटतं. खुलं पुस्तक मात्र विरजणासारखं. शेजारणीला दिलं म्हणून आपलं दही काही कमी होत नाही.

पुस्तकं ठेवलेली ठिकाणं बरीच आहेत, मी स्वतः वापरलेली तेवढी सांगते. पत्ता टाईप करायची गरज नाही. शोधायच्या चौकटीतला माईक दाबून नाव बोलायचं.

"मराठी विकिस्रोत" म्हटलं की जुन्या पुस्तकांचं खुलं भांडार उघडतं. साने गुरुजी, महात्मा फुले, शरद जोशी तिथे भेटतात. दुसरं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. या सरकारी मंडळाने आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर वाचायला ठेवली आहेत, त्यात सावित्रीबाई फुले यांचं समग्र वाङ्मय आणि महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मयही आहे. ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो, भाषण करतो. एका वर्षी भाषणाऐवजी त्यांनी लिहिलेलं एखादं पत्रच वाचून दाखवा. त्यातली काही पत्रं त्यांनी जोतिबांना लिहिलेली आहेत, नवरा-बायकोमधला विश्वास त्यात दिसतो.

तिसरा मराठी विश्वकोश. याचं काम वाईहून चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ सालचा. शेळी, हळद, आवळा, काहीही शोधा, नोंद सापडते. नोंदी जुन्या आहेत हे मात्र विसरू नका. हळदीची मूळ माहिती घ्यायला उत्तम, पण फवारणीचं आणि जनावराच्या औषधाचं प्रमाण त्यातून घेऊ नये, ते कृषी सहायकाला नि पशुवैद्यकाला विचारावं.

लेकरांसाठी "स्टोरीवीव्हर". प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली ते सुरू केलं. मराठीत भरपूर गोष्टी, रंगीत चित्रं, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. त्यांचा परवाना इतका मोकळा आहे की अंगणवाडीताईंनी गोष्ट छापून भिंतीवर लावली तरी चालते, संस्थेचं, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव तेवढं ठेवायचं. शाळेची पुस्तकं हवी असतील तर "ई-बालभारती". पहिलीपासून बारावीपर्यंतची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आहेत.

इथल्या अप्पर इंदिरानगरातल्या एक ताई आहेत. सकाळी चार घरची धुणीभांडी, दुपारी आणखी दोन. लग्न लवकर झालं, शाळा सुटली, आता १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी करायची ठरवली. पुस्तकांचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न बालभारतीच्या पीडीएफने सुटला. पण दुसरा प्रश्न उभा राहिला, तो फोनचा. घरात स्मार्टफोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात. रात्री दहाला हातात येणार, त्यात बॅटरी वीस टक्के आणि फोन मुलाच्या गेमने गच्च भरलेला. त्यांना मी नवा फोन घ्या असं सांगणार नव्हते. त्यांनी एक मेमरी कार्ड घेतलं. पुस्तकं कार्डावर ठेवली, फोन कुणाचाही असो. नवऱ्याचा, भावाचा, ज्यांच्याकडे काम करतात त्या बाईंचा जुना पडलेला. कार्ड घातलं की पुस्तक समोर. फोनवर मालकी नसली तरी पुस्तकांवर असू शकते, हे त्यांनीच मला शिकवलं.

ई-पुस्तकाच्या जाहिरातींत एकटी बाई खिडकीत बसून, चहाचा कप घेऊन वाचत असते. आपलं वाचणं तसं नसतं. ते दुसऱ्याच्या फोनवर, चुलीजवळ, वीज जाते त्या वेळी असतं. म्हणून फाईल कोणत्या प्रकारची आहे याला आपल्याकडे जास्त किंमत आहे.

फाईली मुख्यतः दोन प्रकारच्या, पीडीएफ आणि ईपब. पीडीएफ म्हणजे छापील पान जसंच्या तसं. अक्षर जागचं हलत नाही. मोठ्या पडद्यावर छान दिसतं, पण लहान फोनवर अक्षर मुंगीएवढं होतं. बोटांनी मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, मग प्रत्येक ओळीला डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. दोन पानांत डोकं दुखतं आणि बाई म्हणते, "मला नाही जमत हे." जमतं हो. तुमच्या हाती चुकीची फाईल पडलेली असते.

ईपब पाण्यासारखं आहे, ज्या भांड्यात ओतलं त्याचा आकार घेतं. अक्षर मोठं केलं की ओळ आपोआप खाली वळते. चाळिशी लागलेल्या सासूबाईही चष्म्याशिवाय वाचू शकतात इतकं मोठं करता येतं. विकिस्रोतावर पुस्तकाच्या पानावर उतरवण्याचं बटण असतं, तिथे ईपब निवडायचं. फाईल हलकी असते, बहुधा एखाद्या फोटोएवढी. उलट जुन्या पुस्तकाची फोटो काढून केलेली पीडीएफ पन्नास-पन्नास एमबीचीही असते.

पीडीएफमध्येही दोन जाती आहेत. एक, पानांचे नुसते फोटो. दुसरी, आत खरी अक्षरं असलेली. ओळखायचं कसं? शोधायच्या भिंगावर जाऊन पानावर दिसत असलेला एखादा शब्द टाका. सापडला तर अक्षरं आहेत. सापडला नाही तर एकतर फोटो आहेत किंवा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं आहे, जे फोनला कळत नाही. हा फरक का बघायचा? कारण खरी अक्षरं असतील तर फोन ती मोठ्याने वाचून दाखवू शकतो. अँड्रॉइड फोनमध्ये मराठी वाचणारा आवाज असतो. आवाज जरा कोरडा आहे, "ज्ञानेश्वरी" म्हणतानाही रेल्वेची घोषणा करतोय असं वाटतं, पण भाकऱ्या थापताना ऐकायला चालतो. ज्यांना अक्षरओळख कमी आहे किंवा दिसत कमी आहे त्यांना तर तो फारच उपयोगी.

ईपब उघडायला एखादं अॅप लागतं. रीडएरा हे फुकट आहे, त्याला खातं काढावं लागत नाही, नेटशिवाय चालतं आणि पीडीएफही उघडतं. गुगलचं प्ले बुक्स बऱ्याच फोनमध्ये आधीपासून असतं. त्यात आपली फाईल चढवली की एका फोनवर जिथे थांबलो तिथून दुसऱ्या फोनवर पुढे वाचता येतं, मात्र दोन्हीकडे तेच खातं आणि नेट लागतं. आयफोनमध्ये बुक्स नावाचं अॅप असतंच. संगणकावर कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर घ्यावं. कोविद गोयल या भारतीय माणसाने ते लिहायला घेतलं, आज जगभर वापरतात. किंडलसारखं वाचनयंत्र डोळ्यांना चांगलं, पण त्या किमतीत एक शेळी येते. गटाने त्याच्या मागे लागू नये असं माझं मत आहे.

साध्या बटणाच्या फोनवर पुस्तक वाचता येणार नाही, पण ऐकता येतं. गटातल्या एखाद्या खणखणीत आवाजाच्या मुलीने पुस्तक वाचून रेकॉर्ड करायचं, एमपी३ करून कार्डावर टाकायचं. खुल्या पुस्तकाचं असं रेकॉर्डिंग वाटायला कायद्याची आडकाठी नाही. कार्ड घेताना बघा, बऱ्याच साध्या फोनला ३२ जीबीपर्यंतचंच चालतं. तेवढ्यात हजारो ईपब मावतात, म्हणजे जागेची काळजी नको.

कार्ड भरायची रीत सोपी आहे. बिबवेवाडीत असो की तालुक्याला, जिच्याकडे नेट आहे तिने पुस्तकं उतरवायची. फाईलचं नाव मराठीत बदलायचं, पुस्तकाचं आणि लेखकाचं, नाहीतर गावी आकड्यांचा ढीग पोचतो आणि कुणाला काही सापडत नाही. "मुलांसाठी", "शाळा", "आपल्यासाठी", "शेती" असे चार फोल्डर पुरेत. नव्या फोनमध्ये बऱ्याचदा कार्डाची खाच नसते, तिथे फोनला लागणारा पेनड्राइव्ह वापरायचा. बैठकीत एकमेकींच्या फोनमध्ये पाठवायला ब्लूटूथ आहे, क्विक शेअर आहे, दोन्हींना नेट लागत नाही. एका कार्डाची नोंद गटाच्या वहीत करा, हप्त्याची करतो तशी. कुणाकडे आहे, कधी परत. नाहीतर महिन्याभरात त्यावर तमाशाची गाणी आणि कुणाच्या तरी मुंजीचा व्हिडिओ चढतो.

आता सावध करायची गोष्ट, आणि ही गटाच्या खजिनदार ताईंनी दोनदा वाचावी. फाईलचं शेपूट बघायला शिका. नावाच्या शेवटी पीडीएफ किंवा ईपब असेल तर ते पुस्तक. एपीके असेल तर ते पुस्तक नाही, अॅप आहे. "मोफत पुस्तक" म्हणून असं काही व्हॉट्सअॅपवर आलं तर उघडू नका. असं अॅप फोनमधले मेसेज वाचू शकतं आणि गटाचं बँक खातं ज्या नंबरला जोडलेलं आहे तो फोन बहुतेक तुमचाच असतो. दहा बायांनी आठवड्याला पन्नास-पन्नास करून साठवलेले पैसे त्या नंबरवरच्या एका ओटीपीच्या पलीकडे आहेत. कुठल्याही खऱ्या खुल्या वाचनालयाला तुमचा आधार नंबर, बँकेचा ओटीपी किंवा यूपीआयचा पिन लागत नाही. फार तर ईमेल मागतील. पैसे मागितले की थांबायचं आणि कुणाला तरी विचारायचं.

शेवटी एक काम, ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी. विकिस्रोतावरची पुस्तकं सरकार टाईप करत नाही. जुन्या पुस्तकाचे फोटो काढतात, संगणक ती अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतो आणि हटकून चुकतो. "ध" चा "घ" करतो, जोडाक्षरं तोडतो. मग तुमच्या-माझ्यासारखी माणसं एका बाजूला फोटो आणि दुसऱ्या बाजूला मजकूर ठेवून तो दुरुस्त करतात. न तपासलेलं पान लाल, एकीने तपासलं की पिवळं, दुसरीने पुन्हा तपासलं की हिरवं. याचे पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगते, रोजगाराच्या आशेने कुणी बसू नका. पण दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्या मुलीला शुद्धलेखन आणि टायपिंगचा सराव याहून चांगला मिळणार नाही. काम फोनवरही होतं, संगणक असला तर सोपं जातं. रोज एक पान.

पहिल्या कार्डावर काय घालावं असं विचाराल तर माझी यादी अशी: 'स्मृतिचित्रे', 'श्यामची आई', 'चांदवडची शिदोरी', सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय, स्टोरीवीव्हरच्या वीस गोष्टी आणि गावातली मुलं ज्या इयत्तेत आहेत त्यांची पाठ्यपुस्तकं. 'स्मृतिचित्रे' पहिल्यांदा काढा. लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नव्हती, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या, आणि लिहितात अशा की बैठकीत मोठ्याने वाचलं तर हसून पुरेवाट होते. एका बैठकीला दहा पानं, हप्ते गोळा करून झाल्यावर.